बाईंनी न पाहिलेला शेवटचा भाग

मी लहानपणी टीव्हीवर होतो हे मी कुणाला सांगत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. जालन्याला बदली होऊन आलो, तेव्हा ऑफिसात पहिल्याच चहाला सांगून मोकळा झालो. टीव्हीवर एकच चॅनल असायचं त्या काळातली हिंदी मालिका. घोडे, बंदुका, खडकाळ माळ, तोंडाला फडकी बांधलेले दरोडेखोर आणि त्या सगळ्या धुळीतून मेलेल्या बापाच्या घोड्यावर हिंडणारा एक अनाथ पोरगा. तो पोरगा म्हणजे अस्मादिक. ऑफिसातल्या पोरांनी लगेच मोबाइलवर शोधलं. धुरकट चित्रातला किडकिडा मुलगा पाहिला, मग माझ्या पोटाकडे पाहिलं आणि कापसाच्या बियाण्याचा विषय काढला. आमची कंपनी बियाण्यांचीच. जे उगवलं नाही त्याच्याबद्दल तिथं फार बोलायची पद्धत नाही.

घरमालकीण बाईंना मात्र काही सांगावं लागलं नाही. खोली बघायला गेलो तर दार उघडून त्या माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत हेडमास्तरीण म्हणून रिटायर झालेल्या, उंच, पांढरं पातळ, हातात छत्री. बाहेर कडक ऊन होतं आणि त्या घरात होत्या, तरी छत्री.

"मान वर कर," त्या म्हणाल्या. मी केली.

"भुवईवरची ही खोक. तिसऱ्या भागात नव्हती, चौथ्यात आली. पडला होतास का मेकपची होती?"

"पडलो होतो, बाई."

"मला वाटलंच. राहा मंग."

भाड्याचं बोलणं पण नंतर झालं. असा मी माझ्या आयुष्यातल्या एकमेव चाहतीच्या माडीवर राहायला गेलो. चाहती हा शब्द आपला मी वापरतो. बाईंचा भाव तपासणी अधिकाऱ्याचा असायचा.

छत्रीचं सांगायचं राहिलं. ती छत्री विजेच्या खांबासाठी होती. आमच्या गल्लीत लाइट गेली की लोक इन्व्हर्टर लावायचे, हातपंखा घ्यायचे, शिव्या द्यायचे. बाई छत्री घेऊन बाहेर यायच्या आणि कोपऱ्यावरच्या खांबाला बडवायच्या. "निर्लज्जा! तुला काही टायमाचं भान? माणसं काहीतरी बघून राह्यली असतील घरात!" शेजारच्या मशिदीच्या गल्लीतले अत्तरवाले चाचा हळूच म्हणायचे, "बाईसाब, वो तो बेजान है." त्यावर बाई म्हणायच्या, "म्हणूनच तर ऐकून घेतोय बिचारा." लाइट आली की खांबावरून हात फिरवून आत. नव्या माणसाला वाटायचं बाईंचं डोकं फिरलंय. मलाही वाटलं होतं. चार महिन्यांनी मी पण खांबाला दोन शब्द बोलायला लागलो.

रविवारी सकाळी बाई मला खाली चहाला बोलवायच्या. समोरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, बुद्धांची मूर्ती, आणि कोपऱ्यात लाकडी दारांचा जुना टीव्ही. बंद पडून जमाना झाला होता, पण दारांना रोज फडकं. मी बसलो की चौकशी सुरू.

"पहिल्या भागात तू नदीच्या काठानं घोडा पळवतोस. किती दिवस शिकलास?"

इथं मी इतकी वर्षं सगळ्यांना एक सुंदर उत्तर देत आलो होतो. बाईंपुढं ते तोंडातून निघेना. म्हणालो, "बाई, तो घोडा नव्हता. तेलाचं पिंप होतं."

"काय?"

"जवळून चेहरा दाखवायचा असला की मला पिंपावर बसवायचे. वर खोगीर. दोन माणसं खालून पिंप हलवायची. तिसरा सुपानं धूळ उडवायचा. चौथा बाभळीची फांदी घेऊन कॅमेऱ्यापुढनं पळायचा, म्हणजे झाडं मागं चाललीत असं वाटावं. ती खोक त्या पिंपावरून पडूनच आली."

बाईंनी कपबशी खाली ठेवली. "कशाच्या तेलाचं?"

"गोडेतेलाचं असावं."

"असावं म्हंजी? त्याच्यावर बसून राह्यलास आन तुला माहीत न्हाई?"

संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं होतं की वरच्या भाडेकरूचा घोडा शेंगदाण्याच्या तेलाचा होता.

लांबून पळताना दिसतो तो तरी तूच ना, हा पुढच्या रविवारचा प्रश्न. तोही मी नव्हतो. ते एक बुटके गृहस्थ होते, दोन पोरांचे बाप, सर्कशीतले. माझ्यासाठी त्यांना मिशी काढावी लागली, म्हणून ते मालिका संपेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. आणि तो काळाभोर, आग ओकणारा घोडा? ती वरातीची घोडी होती. मूळची पांढरी. केसांना लावायचा कलप चोळून तिला काळी करायचे. ऊन चढलं की रंग उतरायचा, आणि नुसतं शेजारी उभं राहिलं तरी कपड्यांना लागायचा.

बाई ताडकन उभ्या राहिल्या. "पाचव्या भागात तुझ्या पायजम्याला काळं लागलंय! आमच्या गावात पैज लागल्ती. मी म्हणले पोराला चिखलात लोळवलंय. लोहाराची म्हणली डांबर आहे." त्या येरझारा घालू लागल्या. "कलप! ही गोष्ट मला इतकी वर्षं कळली न्हाई."

त्या घोडीचं आणखी एक होतं. जन्मभर बँडपुढं नाचलेली. कुठूनही गाण्याचा आवाज आला की पाय उचलायची. दरोडेखोरांचा सरदार मरणाच्या गोष्टी बोलतोय, आणि लांब कुठंतरी चहाच्या टपरीवर रेडिओ लागलेला, की झाली हिची सुरुवात. सगळ्यांना मिळून घोडी एकच, त्यामुळं तिच्यावर बसलेला सरदार बिचारा "तुझं रक्त पिऊन टाकीन" म्हणताना वर-खाली व्हायचा. हे ऐकून बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि मला वाटलं, आपलं आयुष्य अगदीच वाया गेलेलं नाही.

फक्त एका गोष्टीला बाई हात लावू द्यायच्या नाहीत. शेवटचा भाग. मी "शेवटच्या भागात तर..." असं म्हणालो रे म्हणालो, की शाळेत पोरं गप्प करायचा त्यांचा हात वर जायचा. "बस. ते न्हाई."

आधी वाटलं, कधीतरी बघायला मिळेल म्हणून थांबल्या असतील. तर मोबाइलवर सगळे भाग होते, शेवटचा तेवढा कुठंच नव्हता. मग एकदा त्यांनीच सांगितलं.

मालिकेतल्या त्या पोराची झोपडी गावाच्या वेशीबाहेर. वेशीबाहेरच्या माणसानं गावच्या चौकातून घोड्यावर बसून जायचं नाही, असा तिथल्या ठाकूरचा नेम. शेवटच्या भागात पोरगा बापाच्या घोड्यावर बसून थेट चौकात येतो. ठाकूर ओट्यावरून उठतो, बोट दाखवतो आणि म्हणतो, "उतर."

"आन लाइट गेली," बाई म्हणाल्या. "अख्खं गाव आमच्या शाळेच्या टीव्हीपुढं बसल्तं. मी चाळणी हालवावी तसा तो टीव्ही हालवला. काय न्हाई. लाइट आली तव्हा बातम्या चालू होत्या."

"दुसऱ्या दिवशी कुणाला तरी विचारायचं ना बाई. तालुक्याच्या गावी पाहिला असेल लोकांनी."

"विचारायचं? मी वर्गात सांगितलं, पोरगा उतरला का न्हाई हे कुणी माझ्यासमोर बोललं तर उठाबशा. एक मास्तर बोलायला लागला, त्याला पण सांगितलं."

"का पण?"

बाईंनी उठून टीव्हीची लाकडी दारं लावून घेतली. मग म्हणाल्या, "अण्णा उतरला होता."

अण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. राजूरच्या पलीकडं, भोकरदनकडं त्यांचं गाव. नाव सांगत नाही, तिथं आमचं बियाणं चांगलं खपतं. अण्णांचं लग्न झालं तेव्हा बाई शाळेत शिकत होत्या. अण्णा मामाच्या घोडीवर बसून, फेटा बांधून चौकापर्यंत गेले. वट्ट्यावर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "उतर." अण्णा उतरले आणि बायकोच्या दारापर्यंत चालत गेले. पुढं ते सरकारी लाल गाडीवर ड्रायव्हर झाले. रिटायर होईपर्यंत रोज त्याच चौकातून गाडी नेली. त्यांच्या घरात तीन लग्नं झाली, एकालाही घोडी लागली नाही. त्यावर घरात कुणी अवाक्षर काढत नसे.

"मला ते पोरगं दिसलं ना टीव्हीवर," बाई म्हणाल्या, "तर वाटलं, हे न्हाई उतरायचं. आन मंग लाइट गेली. तव्हापून मी तसंच ठिवलंय. उतरला असंल तर मला कळायला नको."

मला माझ्या शेवटच्या भागाची खरी कथा आठवली. ती सांगण्यासारखी अजिबात नव्हती.

आणि मग अण्णांच्या नातवाचं लग्न ठरलं. नातू पुण्याला कंपनीत. त्याला ना चौक माहीत, ना वट्टा. त्यानं फोनवर सांगून टाकलं, "आजोबा, घोडी सांगा ना, रील भारी येते." अण्णा म्हणाले, "सजवलेली गाडी सांगितली हाय. घोडी बिलकुल न्हाई." बाईंनी फोनवर तासभर वाद घातला आणि फोन आपटला. मग त्यांनी माझ्या माडीचं दार वाजवलं.

"उद्या सुट्टी घे. अण्णाकडं जायचंय."

"मी काय करू तिथं?"

"शेवटचा भाग सांगायचा."

दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीतून निघालो. नेमकी चतुर्थी. राजूरला गणपतीच्या दर्शनाची ही गर्दी, गाड्यांची रांग लागलेली. त्या रांगेत अडकल्यावर मी म्हणालो, "बाई, आधी तुम्हाला सांगून टाकू का? म्हणजे तुम्हीच ठरवा, अण्णांना सांगायचं का नाही."

"न्हाई."

"अहो, पण उतरला असेल तर?"

"म्हणूनच न्हाई. आता कळलं आन वाईट निघालं, तर मी तुला इथूनच गाडी माघारी फिरवायला लावीन. आपल्याला जायाचंय." असं म्हणून त्यांनी छत्री दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्या घाबरल्या होत्या. मीही घाबरलो होतो, पण माझं ते काही नवीन नाही.

अण्णा अंगणात खाटेवर बसले होते. वाळकी, ताठ मूर्ती, ड्रायव्हरची नजर. बाईंनी ओळख करून दिली, "हा त्यो घोड्यावरचा पोरगा." अण्णांनी मला वरून खाली पाहिलं.

"घोडं जगलं का?" त्यांनी विचारलं.

चहा झाला. बाई म्हणाल्या, "सांग आता," आणि खुर्ची फिरवून आमच्याकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून बसल्या.

आता मी नट माणूस. समोर दोन प्रेक्षक, त्यातला एक पाठमोरा. मोह झाला. मी उभा राहिलो, आवाज खाली नेला. "अण्णा, ठाकूर म्हणाला, उतर. आणि मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बसून राहिलो. उतरलो नाही. डायरेक्टर मागून ओरडतोय, गोष्टीत उतरायचं होतं, पण माझ्या मनात आलं, का उतरायचं? आणि मी..."

मला वाटलं अण्णा खूश होतील. त्यांचा चेहरा मात्र हळूहळू बंद होत गेला. त्यांनी मान खाली घातली. "बराबर हाय," ते म्हणाले. "हिंमतीचं लेकरू. हिंमत असली की माणूस उतरत न्हाई. नसली की उतरतंय. गाडीच बरी. घोडीबिडी नको."

चांगली रंगवून सांगितलेली गोष्ट नेमकी त्या माणसाच्या जखमेवर जाऊन बसली होती.

"अण्णा," मी म्हणालो, "मी खोटं बोललो."

बाईंची पाठ हलली.

"म्हणजे उतरलो नाही हे खरंय. बाकी सगळं खोटं. मी भ्यालो होतो हो! सगळी मालिका पिंपावर काढली. तेवढ्या शेवटच्या वेळी कॅमेरा घोडीच्या टापांपासून माझ्या तोंडापर्यंत वर न्यायचा होता, म्हणून मला खऱ्या घोडीवर चढवलं. केवढी उंच ती! गोष्टीत असं होतं की मी उतरायचं, मग ठाकूरला पश्चात्ताप होणार आणि तो मला उचलून परत वर बसवणार. तो म्हणाला, उतर. माझे पायच हलेनात. आयाळ दोन्ही मुठींत धरली. तो परत म्हणाला. डायरेक्टर म्हणाला, कॅमेरावाला म्हणाला, घोडीवाला म्हणाला, उतर की रे बाबा, उजेड चाललाय. आणि अण्णा, खरं सांगतो, तोवर माझा पायजमा ओला झाला होता. उतरलो असतो तर सगळ्यांना दिसलं असतं. मी रडत, थरथरत तिथंच बसलो. शेवटी उजेड गेला. डायरेक्टरनं कपाळाला हात लावला आणि माझ्या तोंडावरच मालिका संपवली. मला नंतर खोगिरासकट खाली काढलं. लोक म्हणाले, पोराच्या डोळ्यात काय आग होती! कसली आग आणि काय."

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं खोकला आहे. ते हसत होते.

"पायजमा?"

"हो."

"म्हंजी तू भेलास?"

"बेक्कार भ्यालो, अण्णा."

"आन बसून राह्यलास."

"उतरताच येईना."

अण्णांनी हसून ओले झालेले डोळे पुसले. "मी बी भेलोच," ते म्हणाले. "पण मला उतरता येत व्हतं. मामाची घोडी, लहानपणापून चढत-उतरत आल्तो. त्यो म्हातारा नुस्ता 'उतर' म्हणला, हात लावला न्हाई, काय न्हाई. आन मी असा झटक्यात उतरलो की फेटा बी हालला न्हाई. इतकी वर्षं म्या म्हणत आलो, आपल्यात काहीतरी कमी हाय." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "तर भीती एकच व्हती की रे दोघांची. तुला उतरता येत न्हव्हतं, एवढंच."

बाईंनी खुर्ची फिरवली. रडून त्यांचं नाक लाल झालं होतं. "न्हाई उतरला?" त्यांनी मला विचारलं.

"नाही, बाई."

"भिऊन?"

"भिऊन."

"चालतंय," त्या म्हणाल्या आणि पदरात तोंड घालून ढसाढसा रडल्या. मी त्यांना पाणी आणून दिलं. माझ्या आयुष्यात माझ्या कामावर कुणी इतकं रडलेलं नाही, आणि तेही घाबरल्याबद्दल.

अण्णा खाटेवरून उठले आणि सुनेला हाक मारून म्हणाले, "ती गाडी रद्द करा. घोडी सांगा."

लग्न नवऱ्याकडंच, गावातच होतं. नवरदेव घरून निघणार, चौकातून विहारात वंदनेला जाणार, तिथून मांडवात. घोडी आली, पांढरी. मी जवळ जाऊन रंग तपासला. नवरदेव वर बसला आणि मोबाइल काढून स्वतःचंच तोंड बघायला लागला. बँड पुढं. बाई बँडच्याही पुढं, छत्री उंच धरून. अण्णा घोडीचा लगाम धरून चालत होते. मी जितकं लांब राहता येईल तितका लांब.

चौक आला. वट्टा तिथंच होता. तो म्हातारा कधीच गेला होता. त्याची दोन पोरं, आता त्यांचेही केस पांढरे, लग्नाला म्हणून टोप्या घालून वट्ट्यावर बसली होती. दोघंही माझे गिऱ्हाईक. मला हात केला त्यांनी. अण्णांनी लगाम ओढला. बँड थांबला. मी बाईंकडं पाहिलं, त्यांनी छत्री खाली घेतली.

अण्णा नातवाला म्हणाले, "जरा उतर रे. दोन मिन्टं."

नवरदेव उतरला. अण्णा घोडी वट्ट्याला लावून स्वतः वट्ट्यावर चढले. त्या दोघांना कळेना काय चाललंय, पण म्हातारा माणूस चढतोय म्हटल्यावर त्यांनी दोन्ही बाजूंनी हात दिला. अण्णांनी पाय टाकला आणि घोडीवर बसले. पाठ सरळ, जशी लाल गाडीच्या सीटवर असायची.

दोन मिनिटं झाली. दहा झाली. वट्ट्यावरचा एक जण म्हणाला, "अण्णा, उतरा आता, नवरदेवाला बसायचंय."

"न्हाई," अण्णा म्हणाले.

मुलगा म्हणाला, सून म्हणाली, घोडीवाला म्हणाला. घोडीवाल्याचं तर पुढं दुसरं लग्न होतं. अण्णा हसत होते, मान हलवत होते आणि उतरत नव्हते. कुणीतरी म्हणालं, गुडघा आखडला असेल, उतरता येत नसेल. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, या विषयातला जाणकार म्हणून. मी जवळ गेलो आणि त्यांचे हात पाहिले. आयाळ मोकळी होती. लगाम दोन बोटांत सैल धरलेला.

"वाजवा रे जल्दी!" बाई बँडवाल्यांवर ओरडल्या. "काय बघून राह्यले?"

बँड वाजायला लागला, घोडीनं पाय उचलले, आणि नवरदेव विहारापर्यंत पायी चालत आला.